स्कूबा बुडी : नवशिक्याचे प्रशिक्षण

श्वसनासाठी लागणारी हवा स्वतःबरोबर वाहून नेऊन पाण्याखाली मोकळेपणाने संचार करण्याच्या पद्धतीस स्कूबा बुडी म्हणतात. ‘स्कूबा’ हा शब्द ‘स्वयंपूर्ण जलांतर्गत श्वसन साधन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहातील आद्याक्षरांपासून बनला आहे. धातूचे शिरस्त्राण घालून व पृष्ठभागावरून नळीने हवा घेऊन काम करणारा पारंपरिक पाणबुड्या नौकेशी बांधलेला असे. स्कूबाधारी पाणबुड्या तसा बांधलेला नसतो. या स्वातंत्र्यामुळेच ही बुडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यवसायाच्या कक्षेबाहेर येऊन सुट्टीतील करमणुकीचा विषय बनली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः सुट्टीत प्रथमच बुडी शिकणाऱ्या व मनात धास्ती असणाऱ्या व्यक्तीला काय शिकावे लागते आणि का, याचे विवेचन केले आहे.

नवशिक्याची भीती हा केवळ मनाचा कमकुवतपणा मानण्याची प्रथा आहे; ती योग्य नाही. संकटात श्वास रोखणे, तोंडानाकावरील अडथळा ओढून काढणे आणि मोकळ्या हवेकडे धाव घेणे या माणसाच्या उपजत प्रतिक्रिया आहेत व पोहताना त्या बव्हंशी उपयोगीही पडतात. स्कूबा बुडीत मात्र याच तीन कृती प्राणघातक ठरू शकतात. म्हणून या प्रशिक्षणात नवी कौशल्ये मिळविण्याइतकेच जुन्या प्रतिक्रिया आवरण्याला महत्त्व आहे.

साधनांचा विकास : मागणीनुसार हवा सोडणारी झडप हा या साधनसंचाचा गाभा होय. अशी झडप फ्रान्समधील बन्वा रूकेरोल व ऑग्यूस्त देनेरूझ यांनी १८६५ च्या सुमारास वापरात आणली होती. परंतु पुरेसा उच्च दाब सहन करणाऱ्या टाक्या त्या काळी नसल्याने पाणबुड्या दीर्घकाळ पृष्ठभागावरील पंपावरच अवलंबून राहिला. १९४३ मध्ये फ्रेंच नौदलातील अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमील गान्यां यांनी ही अडचण दूर केली. युद्धकालीन पेट्रोलटंचाईत मोटारी इंधन-वायूवर चालविण्यासाठी गान्यां यांनी तयार केलेल्या नियामकात फेरफार करून ‘अ‍ॅक्वालंग’ हे साधन सिद्ध झाले. पुढे हौशी पाणबुड्यांच्या संघटना निघाल्या. ब्रिटनमधील ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला. १९५९ मध्ये जागतिक महासंघ अस्तित्वात आला व कूस्तो त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९६६ मध्ये अमेरिकेत ‘पॅडी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी प्रशिक्षकांची संघटना निघाली. आज पर्यटनस्थळी मिळणारे शिक्षण बहुधा अशाच एखाद्या संघटनेच्या अभ्यासक्रमानुसार दिले जाते.

नवशिक्याच्या अंगावर येणारा संच पुढीलप्रमाणे असतो : पाठीवर सु. २०० बार दाबाने भरलेले साध्या हवेचे (ऑक्सिजनचे नव्हे) सिलिंडर, हवा टप्प्याटप्प्याने कमी दाबावर आणणारा नियामक व त्याचे तोंडात धरावयाचे मुख, आणीबाणीत सोबत्याला देण्यासाठी तसेच दुसरे मुख, हवा भरून किंवा सोडून तरंगण्याचे प्रमाण राखणारे जाकीट, शिशाची वजने, नाकासह डोळे झाकणारा काचेचा मुखवटा, पायांत घालावयाचे लवचिक पंख, आणि सिलिंडरमधील उरलेला दाब दाखविणारा दर्शक. नियामकाचे वैशिष्ट्य असे की, भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा तो श्वास घेताक्षणी पुरवितो. लांब नळी तोंडात धरून पृष्ठभागावरील हवा ओढावयाची म्हटले, तर एक मीटरभर खोलीवरही छातीच्या स्नायूंना ते फार जड जाते; नियामकामुळे २० मी. खोलीवरही श्वास सहज घेता येतो. ‘खाली छाती दडपून जाईल’ ही नवशिक्यांची सर्वसाधारण शंका त्यामुळे निराधार ठरते. खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो.

पहिले दहा मीटर : समुद्रसपाटीला हवेचा दाब एक वातावरण असतो आणि समुद्राच्या पाण्यात दर १० मी. खोलीला त्यात सु. एक वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मी. वर दाब दुप्पट, २० मी. वर तिप्पट व ३० मी. वर चौपट होतो. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. यातून प्रथमदर्शनी विचित्र वाटणारा एक निष्कर्ष निघतो : ३० मी. वरून २० मी. वर येताना बंदिस्त हवा एकतृतीयांशानेच फुगते. परंतु १० मी. वरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते. नवशिक्याला सुरक्षित वाटणारा उथळ थरच दाबाच्या दृष्टीने सर्वांत चंचल असतो.

याचा पहिला प्रत्यय कानाला येतो. मध्यकर्णातील हवेची पोकळी यूस्टेशियन नलिकेद्वारे घशाच्या वरच्या भागाशी जोडलेली असते. परंतु ही नलिका एरवी मिटलेली असते. खाली जाताना बाहेरील दाब वाढतो, कानाचा पडदा आत ढकलला जातो आणि एक-दीड मीटरवरच दडा बसल्याची भावना होऊन दुखू लागते. नाक चिमटीत धरून हळुवार फुंकर मारली किंवा आवंढा गिळला, की नलिका उघडते व दाब समान होतो. ही क्रिया दुखू लागल्यावर नव्हे, तर दुखण्यापूर्वी, पृष्ठभागापासूनच व प्रत्येक हातभर खोलीला करावयाची असते. दाबातील फरक फार वाढू दिला, तर नलिका घट्ट मिटते व कितीही जोराने फुंकले तरी उघडत नाही. अशा वेळी थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करणे हाच उपाय होय. सर्दी झाली असता बुडी पुढे ढकलावी. चोंदलेले नाक मोकळे करणारे औषध घेऊन पाण्यात उतरण्याची युक्ती बरेच जण करतात. औषधाचा परिणाम पाण्याखालीच ओसरला, तर अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही व कानाला किंवा कपाळाच्या पोकळ्यांना इजा होते.

दुसरा व अधिक गंभीर परिणाम फुप्फुसांवर होतो. १० मी. खोलीवर फुप्फुसे भरून घेतलेली सहा लिटर हवा पृष्ठभागावर बारा लिटर होऊ पाहते. श्वास चालू असेल, तर जादा हवा आपोआप बाहेर पडते आणि काहीही बिघडत नाही. श्वास रोखलेला असेल, तर मात्र फुप्फुसांतील नाजूक वायुकोश फाटतात. त्यामुळे फुप्फुसावरणात हवा शिरून वातवक्ष होतो किंवा हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या अडवितात. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांनी श्वास रोखून एक-दीड मीटर वर येणेही यासाठी पुरेसे असते. म्हणजे पोहण्याच्या तलावातही हा अपघात घडू शकतो. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा स्कूबा प्रशिक्षणाचा पहिला नियम याच कारणाने ठरला आहे. केवळ दम धरून सूर मारणाऱ्या पोहणाऱ्याला हा धोका नसतो, कारण त्याने आपली हवा पृष्ठभागावरच घेतलेली असते. चांगल्या पोहणाऱ्यांनाच हा नियम अंगवळणी पाडणे कित्येकदा अवघड जाते, ते यामुळेच.

श्वसन आणि घबराट : विश्रांत अवस्थेतील नवशिका मिनिटाला सु. २० लिटर हवा वापरतो असे धरले, तर १० मी. वर दुप्पट दाबामुळे सिलिंडरमधून मिनिटाला ४० लिटर हवा खर्च होते. १२ लिटर धारणेच्या व २०० बार दाबाच्या सिलिंडरमध्ये २,४०० लिटर हवा मावते. त्यांपैकी ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवण्याचा प्रघात आहे. उरलेल्या १,८०० लिटरांत शांत माणसाची बुडी ४५ मिनिटे चालते. भेदरलेला माणूस सहज दुप्पट हवा वापरतो व त्याची बुडी २२ मिनिटांत संपते. अशा व्यक्तीने दर्शक वरचेवर पाहावा, यात तिला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. दर्शक किती दाखवितो, असे प्रशिक्षकाने विचारण्यापूर्वीच तो वाचलेला असणे हे सावध पाणबुड्याचे लक्षण होय.

हवेच्या अपव्ययापेक्षाही भीतीचा एक सूक्ष्म परिणाम अधिक त्रासदायक असतो. घाबरलेला माणूस भरभर व उथळ श्वास घेतो. त्यातील बराचसा भाग घसा, श्वासनलिका व नियामकाचे मुख यांतच ये-जा करतो. फुप्फुसांत ताजी हवा पुरेशी पोहोचत नाही आणि कार्बन डाय-ऑक्साइड साचू लागतो. खोलीवर हवा दाट झालेली असल्याने तिच्या प्रवाहाला होणारा रोधही वाढलेला असतो. रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढला, की हवा पुरत नसल्याची तीव्र जाणीव होते व भीती आणखी वाढते. नियामक बिघडला, अशी त्याची खात्री होते. तो नीट चालत असतानाही ते मुख तोंडातून काढून टाकल्याची उदाहरणे नमूद आहेत. हे चक्र तोडण्याचा उपाय एकच आहे : हालचाल पूर्ण थांबवावी, आधार असेल तर धरावा, आधी दीर्घ उच्छ्‌वास सोडावा आणि मग सावकाश, खोल श्वास घ्यावा. उच्छ्‌वास आधी सोडणे महत्त्वाचे आहे, कारण साचलेला वायू त्यानेच बाहेर पडतो.

घबराट केवळ नवशिक्यांनाच होते असेही नाही. अमेरिकेतील क्रीडामानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक हौशी पाणबुड्यांनी पाण्याखाली एकदा तरी घबराट अनुभवल्याचे सांगितले होते. १९९२ ते २००३ या काळातील ९४७ स्कूबा मृत्यूंचे विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या प्रकरणांत मूळ निमित्त ठरविता आले, त्यांपैकी ४१ टक्क्यांत ते हवा संपत येणे हे होते, तर साधनांतील दोष सु. १५ टक्क्यांतच आढळले. निमित्तानंतरच्या घातक टप्प्यांत आणीबाणीत घाईने वर येणे हा सर्वांत मोठा घटक ठरला. नवशिक्याला भीती वाटते ती यंत्राची आणि माशांची. हे आकडे मात्र दर्शकाकडे झालेले दुर्लक्ष व वर घेतलेली धाव यांकडे बोट दाखवितात.

प्रशिक्षणक्रम : मनोरंजनात्मक बुडीच्या प्राथमिक अभ्यासक्रमास साधारणतः तीन-चार दिवस लागतात. त्यात सिद्धांताचे पाठ, तलावातील किंवा शांत उथळ पाण्यातील सराव आणि खुल्या पाण्यातील चार बुड्या असतात. तो पूर्ण करणाऱ्यास सोबत्यासह १८ मी. पर्यंत जाण्याची अनुज्ञा मिळते. उमेदवारास सु. २०० मी. पोहता व दहा मिनिटे तरंगता यावे, अशी अपेक्षा असते. वेगाची अट नसते.

यांतील बहुसंख्य उमेदवार अडखळतात ते मुखवट्यात पाणी घेऊन ते बाहेर काढण्याच्या पाठापाशी. नाकाला पाणी लागताच घसा आवळला जातो व श्वास अडकतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया असल्याने ती इच्छेने थांबविता येत नाही, सरावानेच बोथट होते. मुखवट्याची वरची कड कपाळावर दाबून धरावी, किंचित वर पाहावे व नाकाने हवा सोडावी. हवा वर साचते व पाणी खालच्या कडेने निघून जाते. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी आधी मुखवटा न घालता कमरेइतक्या पाण्यात केवळ चेहरा बुडवून, नियामकातून तोंडाने श्वास घेत पाचदहा मिनिटे राहावे. नाक उघडे असूनही तोंडाने श्वास चालतो, एवढी गोष्ट शरीराला पटली, की निम्मे काम होते. प्रस्तुत लेखकाच्या मते एका बैठकीत हा पाठ उरकण्याचा आग्रह धरणारा प्रशिक्षक, मग तो स्वतः कितीही निष्णात असो, धास्तावलेल्या विद्यार्थ्यासाठी योग्य नव्हे.

तोंडातून सुटलेले नियामकाचे मुख उजवा हात मागून पुढे फिरवून शोधणे, सोबत्याच्या दुसऱ्या मुखातून हवा घेणे, तोंडाने अखंड ‘आऽ’ असा आवाज काढीत सावकाश वर येणे व पृष्ठभागावर वजने टाकून देणे हे पाठही घोटून घेतले जातात. शेवटचा पाठ अनेकांना निरर्थक वाटतो. परंतु पृष्ठभागावर पोहोचल्यानंतरही वजने अंगावर ठेवून बुडालेल्यांची उदाहरणे पुष्कळ आहेत. तरंगण्याचे प्रमाण साधणे हे मात्र खऱ्या अर्थाने आनंददायक कौशल्य आहे. जाकिटात नेमकी हवा असली, म्हणजे पाणबुड्या वर जात नाही व खालीही जात नाही. श्वास घेतला की किंचित वर येतो व सोडला की किंचित खाली जातो. ही अवस्था प्रथम अनुभवास आली, की पुष्कळांची भीती प्रवचनाशिवाय ओसरते.

पाण्याखाली बोलता येत नसल्याने खुणा पाठ कराव्या लागतात. तर्जनी व अंगठा जुळवून केलेले वर्तुळ ‘ठीक आहे’ असे सांगते. वर उभारलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘उत्तम’ असा नसून ‘वर चला’ असा आहे. येथे नवशिक्यांचा हमखास घोटाळा होतो. ही खूण कोणीही, केव्हाही, कारण न सांगता करू शकतो व ती अमान्य करण्याचा अधिकार सोबत्यास नाही. पाण्यात प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वस्तू सु. एकतृतीयांशाने मोठ्या व एकचतुर्थांशाने जवळ दिसतात, तांबडा रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, आणि ध्वनीचा वेग हवेतल्याच्या चौपटीहून अधिक असल्याने आवाज कोणत्या दिशेने येतो हे कळत नाही. याची पूर्वकल्पना दिली नाही, तर जवळून जाणाऱ्या नौकेचा आवाज नवशिक्याला डोक्यावरच आल्यासारखा वाटतो.

सुट्टीतील बुडी : वरील क्रम पूर्ण करण्याइतका वेळ बहुतेक पर्यटकांजवळ नसतो. त्यांच्यासाठी थोड्या तासांची परिचय-बुडी असते. भारतात अंदमानातील स्वराज द्वीप (२०१८ पूर्वीचे हॅवलॉक), लक्षद्वीप, कर्नाटकातील नेत्राणी बेट, गोवा आणि महाराष्ट्रातील मालवण-तारकर्ली परिसर ही तिची परिचित ठिकाणे होत. ‘झिंदगी ना मिलेगी दोबारा’ (२०११) या हिंदी चित्रपटात पाण्याला भिणारा नायक स्पेनच्या किनाऱ्यावर बुडी शिकतो, तेव्हापासून अनेकांच्या मनात या अनुभवाचे चित्र तयार असते. चित्र आणि पाणी यांत फरक असतो, एवढे येथे नमूद केले पाहिजे.

मालवण येथील बुडी मुख्यतः सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ, उथळ भागात घेतली जाते. हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पाणी उबदार असते. तळाचा गाळ ढवळला गेल्यास मात्र दृश्यता काही मीटरांवर येते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने बुड्या बंद असतात. किनाऱ्यावरील मासेमार कुटुंबांतील अनेक तरुण मार्गदर्शकाचे काम करतात. समुद्राची त्यांची जाण पिढीजात आहे. परिचय-बुडीत मार्गदर्शक पर्यटकाचे सिलिंडर धरून त्याला नेतो, जाकिटातील हवा तोच कमीजास्त करतो, त्यामुळे पोहता न येणाऱ्यासही काही मिनिटे मासे व प्रवाळ पाहता येतात. ही सोय आहे, शिक्षण नव्हे. धास्तावलेल्या पर्यटकाला तिचा एक तोटाही जाणवतो : काहीच आपल्या हाती नसल्याची भावना भीती वाढविते. म्हणून नौकेवर चढण्यापूर्वी उथळ पाण्यात मुखवटा व श्वसन यांचा सराव मिळेल का, एका मार्गदर्शकाकडे किती पर्यटक असतील, नौकेवर प्राणवायूची सोय आहे का, एवढे विचारून घ्यावे. उत्तरे टाळली गेली, तर पैसे बुडाले तरी चालतील, असे समजून परत फिरावे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबाचे प्रशिक्षण देणारी संस्था उभारली असून सविस्तर शिकू इच्छिणाऱ्यास तेथे रीतसर अभ्यासक्रमाची सोय आहे. बुडीइतकेच नौकेकडेही लक्ष हवे. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे बुडी घेऊन परतणाऱ्या पर्यटकांची नौका किनाऱ्याजवळ उलटून दोघांचा मृत्यू झाला. परतीच्या प्रवासातही तरंगजाकीट काढू नये.

आरोग्यविषयक अटी : पाण्यात उतरण्यापूर्वी प्रश्नावली भरून घेतात. दमा, पूर्वी झालेला वातवक्ष, अपस्मार, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय बुडी घेऊ नये; गरोदरपणी ती टाळावी. सुट्टी वाया जाईल या भयाने खरी उत्तरे दडविण्याची प्रवृत्ती दिसते. हृदयविकार हे स्कूबा मृत्यूंमागील एक प्रमुख कारण असल्याने चाळिशी ओलांडलेल्यांनी तरी तसे करू नये. तीव्र चिंताविकारावर औषध घेणाऱ्यांनीही वैद्याला विचारावे. मद्यपानानंतर बुडी वर्ज्य आहे.

बुडीनंतर : दाबाखाली श्वसन केले असता रक्तात व ऊतींत जादा नायट्रोजन विरघळतो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडू दिला नाही, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत विकार उद्‌भवतात. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये यासंबंधीची पहिली शास्त्रीय कोष्टके प्रसिद्ध केली. वर येण्याचा वेग हल्ली मिनिटाला ९ मी. च्या आत ठेवतात आणि ५ मी. वर तीन मिनिटे थांबतात. एका बुडीनंतर किमान १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानप्रवास करू नये, असा संकेत आहे. सु. ६०० मी. हून अधिक उंचीवर मोटारीने चढून जाण्यासही तोच न्याय लागू पडतो. परिचय-बुडीतील काही मिनिटांच्या उथळ फेरीनंतर हा प्रश्न सहसा गंभीर नसतो. परंतु अभ्यासक्रमातील खोल बुड्या आटोपून मालवणहून त्याच संध्याकाळी सु. ७०० मी. उंचीच्या आंबोलीमार्गे बेळगाव किंवा कोल्हापूर गाठू पाहणाऱ्याने एक रात्र किनाऱ्यावरच काढावी.